गिधाडांसाठी शब्द

बासष्ट साली मी दुसरीत होते आणि शाळेत माझं नाव गिधाड होतं. माझ्या एकटीचं नाही, आमच्या वस्तीतून येणाऱ्या सगळ्याच पोरापोरींचं. गावात कुणाचा बैल मेला, म्हैस मेली, की त्या जनावराला दोर लावून ओढत माळावर नेऊन टाकायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्या माणसांकडे होतं. मी शाळेत जायला लागले त्याच्या आधीच वस्तीने दीक्षा घेतली आणि त्याच दिवशी हे काम सोडलं. आम्ही सोडलं, पण गावाच्या जिभेवरून ते काही गेलं नाही.

मी गप्प बसणारी नव्हते. माझा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. एकदा गिधाड म्हणणाऱ्या एका मुलीच्या डोक्यात मी पाटी घातली, पाटी फुटली, आणि मास्तरांनी मला शाळा सुटेपर्यंत ओणवं उभं केलं. तसं उभं राहून मी त्या पक्ष्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. आपलं नाव ज्याच्यावरून ठेवलंय तो प्राणी निदान मोर तरी असावा, असं वाटायचं.

मग एकदा आईबरोबर इंद्रायणीवर धुणं धुवायला गेले. आमचं गाव चिखलीच्या पुढं, नदीच्या अंगाला. काठावर अर्जुनाची जुनी, उंच झाडं होती आणि त्यांच्या शेंड्यांवर गिधाडांची घरटी. त्या दिवशी कुठं तरी बांधावर पडलेल्या जनावरावर जेवून आलेली गिधाडं उथळ पाण्यात उतरली होती. ती आंघोळ करत होती. मान बुडवायची, पंख झाडायचे, पुन्हा बुडायचं. मग वाळूवर येऊन पंख पसरून उन्हात उभी राहायची, अगदी आई लुगडं वाळत घालायची तशी. मी बघतच राहिले. आई म्हणाली, "अगं, लई स्वच्छ असतं ते. घाण गावाची, न्हाणं त्याचं."

दुसऱ्या दिवशी शाळेत मला कुणी गिधाड म्हटलं तेव्हा मी म्हणाले, "हो, आहेच. मी जेवल्यावर आंघोळ करते. तू आठवड्यातून किती वेळा करतेस?" त्यानंतर मला ते नाव कधी टोचलं नाही. उलट नदीवर गेले की मी त्यांच्याकडे आपल्या घरच्या माणसांकडे बघावं तशी बघायचे.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. काम सोडल्यावर गावाने त्यांचं धान्याचं बलुतं बंद केलं, तेव्हा ते रोज चालत दापोडीपर्यंत जाऊन मिळेल ती मजुरी करायचे. पुढे पिंपरीला कारखाने उभे राहिले आणि त्यांना एका कंपनीत, स्टोअरमध्ये, कायमची नोकरी लागली. तांब्यात निखारे भरून ते आपला खाकी ड्रेस स्वतः इस्त्री करायचे. त्या ड्रेसला सुरकुती पडलेली त्यांना खपत नसे. पाऊस असो, चिखल असो, माणूस घराबाहेर पडताना असा दिसायचा की जणू आजच नवा शिवून आणलाय. दोरीविषयी, माळाविषयी ते कधी एक शब्द बोलायचे नाहीत.

मॅट्रिक झाल्यावर मलाही काम मिळालं, औषधाच्या कारखान्यात, पॅकिंगला. आमच्या वस्तीतली कंपनीत जाणारी मी पहिली मुलगी. डबा, पास, पांढरा एप्रन, सगळं मला फार मिरवावंसं वाटायचं आणि मी ते मिरवलंही. गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी मी नदीवर जायचे. धुणं हे निमित्त, खरं जायचे ते गिधाडं बघायला.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या सुमाराची गोष्ट. दुष्काळात गुरं फार मेली होती. वस्तीने काम सोडल्यापासून गावातलं मेलेलं जनावर माळापर्यंत जाईनासं झालं होतं. कुणी पुरायचं, कुणी बांधावरच सोडून द्यायचं, कुणी वस्तीतल्या एखाद्या गरीब घराला धान्याचं आमिष दाखवून बघायचं. बांधावरच्या जनावरावर कुत्री पडायची. कंपन्यांच्या कँटीनमागे उष्टं खाऊन आधीच कुत्री माजली होती, त्यात ही मेजवानी. ती टोळ्यांनी फिरायला लागली, शेळ्या फाडायला लागली, सायकलवरून पाळीला जाणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांना लागली. तेव्हा गावाने शहाणपणा केला. बांधावर पडलेल्या जनावरावर पिकाला मारायचं विषारी औषध ओतायचं, म्हणजे कुत्री मरतील.

कुत्री थोडी मेली. गिधाडं फार मेली.

एका गुरुवारी सकाळी मी नदीवर गेले तर अर्जुनाखाली ती पडलेली. काही झाडावरच फांदीत अडकून मेलेली, मान खाली लोंबणारी. एक अजून जिवंत होतं, त्याला मान उचलता येत नव्हती. गिधाड मेलेलं कसं दिसतं हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याचं मरण आवरणारा पक्षी, त्याचं स्वतःचं मरण आवरायला कुणीच नव्हतं. मी तिथं बसून मोठ्यानं रडले. विष घातलेलं जनावर पाटलांच्या बांधावर होतं. त्यांनी काही लपवूनही ठेवलं नव्हतं.

दादा पाळी करून आले आणि मी त्यांना नदीवर घेऊन गेले. ते एकेका झाडाखालून फिरून आले. मग एवढंच म्हणाले, "ह्यांनी कुणाचं घोडं मारलं व्हतं?"

मी तिथंच सांगून टाकलं की मी गावात घरोघर जाणार, लोकांना सांगणार की जनावर विष न घालता पूर्वीसारखं माळावर न्या, गिधाडं वाचवा. दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर अशी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"जा," ते म्हणाले. "पर एक ध्यानात ठेव. पूर्वीसारखं म्हनू नगंस. आपला हात पुन्हा दोरीला लागनार न्हाई. गिधाडं मेली तरी न्हाई."

मला वाटलं होतं तेवढं हे काम सोपं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. गिधाडं वाचवायची तर जनावर माळावर जायला हवं. जनावर माळावर जायला हवं तर कुणीतरी ओढायला हवं. आणि गाव ते ओढणार कुणाकडून, हे काही मला सांगायला नको होतं.

तरी मी आधी वस्तीत सांगायचं ठरवलं. पत्र्याच्या आमच्या छोट्या विहारात सगळे जमले असताना मी उभी राहिले आणि गिधाडांचं नाव काढलं. पुढचं बोलूच दिलं नाही. "कंपनीत जाऊन शानी झाली ही." "आमाला परत माळावर धाडती व्हय गं?" एका म्हातारीने तर माझ्या अंगावर हात टाकला. दोष त्यांचा नव्हता. ज्यांनी खांद्याला दोराचे वळ बघितलेत त्यांना गिधाडाचा पुळका कुठून येणार? मी थांबले, सगळ्यांचं बोलून झालं, मग म्हणाले, "ओढायचं ज्याचं त्यानं. आपण फक्त एवढंच म्हणायचं, की विष घालू नका." मग जरा शांत झाले. शेवटी ठरलं की जनावर मालकाने न्यायचं, हे मान्य असेल त्या घराशी आमचं काही भांडण नाही. माझा पहिला पाठिंबा हा असा मिळाला, मार खाता खाता.

मग सुरू झाले माझे गुरुवार. इस्त्रीचं पातळ नेसून मी गावात शिरायचे आणि दारोदार जायचे. कुणी बसा म्हणायचं नाही, मीही बसायचे नाही. आमच्यासाठी वळचणीला वेगळी ठेवलेली कपबशी कुणी काढायला लागलं की मी म्हणायचे, "चहा नको. शब्द द्या."

शब्द कसला, तर एवढाच. आपल्या गोठ्यातलं जनावर मेलं तर आपण स्वतः माळावर नेऊ, आणि त्यावर विष घालणार नाही.

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, गिधाड घरावर बसलं तर घर सोडावं लागतं, असला अपशकुनी पक्षी कशाला वाचवायचा? मी म्हणायचे, तुमच्या घरावर काय ठेवलंय त्याला बसायला? कुणी म्हणायचं, देवाने जन्माला घातलंय, देव बघून घेईल. कुणी कानावर हात ठेवायचं. बरेच जण पाटलांकडे बोट दाखवायचे. पाटील काय म्हणतात ते बघू, मग आमी. सगळ्या गावाचं घोडं पाटलांपाशी अडलं होतं.

पाटील म्हणजे आमच्या गावचे पोलीस पाटील. सरळ माणूस, पण ताठ. ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसलेले असायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पान लावता लावता म्हणाले, "काम तुमीच सोडलं, आन् आता गिधाडांचा कळवळाबी तुमालाच? पोरी, तुमी तवाच काम धरून ऱ्हायला असता तर कशाला इख घालाया लागलं असतं?"

रागावले की मी पुस्तकातल्यासारखी बोलायला लागते. मी म्हणाले, "काम आम्ही सोडलं. बैल तर तुमचेच आहेत ना?"

पाटलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाटील काय मढं वढनार व्हय?" असं म्हणून ते आत निघून गेले. मी ओट्यासमोर उभीच राहिले थोडा वेळ, कारण लगेच निघाले असते तर मी घाबरले असं वाटलं असतं.

कंपनीत मला गिधाडबाई म्हणायला लागले. पुन्हा तेच नाव, पण आता त्यात विष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना सगळं सांगायचे. मराठवाड्यातून आलेल्या एकीने सांगितलं की तिच्याकडे असंच औषध घालून गिधाडं गेली. कोकणातली एक म्हणाली, "गो, आमच्याकडं तर ती आईच्या मायेने पिल्लांना भरवताना मी बघितलीत." या बायकांना आमच्या गावाचं काय पडलं होतं? तरी एका गुरुवारी त्या दोघी आपल्या खर्चाने एसटीने आल्या आणि माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. वेगळ्या गावच्या, वेगळ्या जातीच्या बायका आपल्या पोरीच्या बरोबरीने चालताहेत हे बघून आमच्या वस्तीतल्या बायकाही पदर खोचून बाहेर पडल्या. आधी माझ्या अंगावर हात टाकणारी म्हातारी सगळ्यांत पुढे होती. त्या दिवशी आम्ही गावातून चाललो तेव्हा मला असं वाटलं की आता कुणी माझ्यासमोर येऊन दाखवावं.

आणि काम कुत्र्यांनीही थोडं केलं. पाटलांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. ओटा सारवलेला, रांगोळी घातलेली, पोहे तयार. पाहुणे टेकतायत तोच कुत्र्यांची टोळी कुठल्याशा बांधावरून म्हशीचा एक अख्खा पाय ओढत आली आणि त्या रांगोळीवर बसून भांडायला लागली. पाहुणे उठले ते परत आले नाहीत. पाटलीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराने मला बोलावलं आणि विचारलं, "काय गं, माळावर नेलं तर ही कुत्री खरंच येनार न्हाईत?" मी म्हणाले, "गिधाडं उतरली की कुत्र्यांना चाटायलाही काही राहत नाही." त्या म्हणाल्या, "मग मी बघती त्येंच्याकडं."

तरी पाटील हलले नाहीत. आणि मग त्यांचा बैल मेला.

साधा बैल नव्हता तो. आमच्या भागात घाटात बैलगाडे पळवतात. त्या बैलाने चाकणच्या अंगाच्या सगळ्या यात्रा गाजवल्या होत्या. पाटलांना त्याच्यावरून ओळखायचे लोक. म्हातारा होऊन गोठ्यात पडून होता, पाटील रोज हाताने त्याला भरवायचे. ऐन उन्हाळ्यात तो गेला. जमीन तापून दगड झालेली, पुरायला खड्डा होईना. बांधावर टाकून त्याच्यावर औषध ओतायचं तर पाटलांच्या जिवावर आलं. पाटलीणबाई माळावरच न्यायचं म्हणून हट्ट धरून बसल्या. शेवटी पाटलांचा माणूस आमच्या दारात आला. सांगावा जुनाच होता. "वस्तीतली चार माणसं धाडा. ह्या एका बैलापुरतं. मागाल ते देतो."

गुरुवार होता, आम्ही दोघंही घरी होतो. दादांनी इस्त्री केलेला सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि म्हणाले, "येतो म्हनावं. वढाया न्हाई. बघाया."

आम्ही माळावर पोचलो तेव्हा बैल येत होता. पाटील स्वतः दोराला होते. त्यांचे भाऊबंद होते, शेजारीपाजारी होते, घामाने न्हालेले. जन्मात कधी न केलेलं काम त्यांनी सांगाव्याचं उत्तर ऐकल्यावर निमूटपणे सुरू केलं होतं, हे बघून मला पाटलांविषयी पहिल्यांदा बरं वाटलं. पण काय हो तो थाट! बैलाच्या गळ्यात हार, शिंगांना बेगड, कपाळावर कुंकू, अंगावर गुलाल, पाठीवर शर्यतीची झूल. पाटलीणबाईंनी ओवाळलेलं. मागून अर्धं गाव, डोक्यावर टॉवेल टाकून.

झूल काढली, बैल ठेवला, आणि सगळे गोलाकार उभे राहिले, हात जोडून.

वर गिधाडं फिरायला लागली. एक उतरलं ते दूर खडकावर बसलं. मग दुसरं. बघता बघता खडक भरला, पलीकडच्या बाभळी भरल्या. पण पुढे एकही येईना. माणसं उभी आणि गिधाडं उभी, मध्ये बैल. ऊन चढत चाललं.

"शिवंना झालीत," कुणीतरी कुजबुजलं.

आणि तिथून सुरू झालं. गावाला मरणाची एकच रीत माहीत होती. पिंड ठेवायचा, कावळ्याची वाट बघायची, आणि कावळा शिवेना तर मेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजून ती पुरी करायचा शब्द द्यायचा. गाव गिधाडांसमोर तेच करायला लागलं.

पाटलांचा भाऊ पुढे झाला. "तुझं वासरू इकनार न्हाई रं बाबा. घाटात पळवू." गिधाडं ढिम्म. पाटलीणबाई म्हणाल्या, "तुझा गोठा मोडनार न्हाई. तुझ्या दाव्याला दुसरा बैल बांधनार न्हाई." काही नाही. आणखी कुणी म्हणालं, कंपनीला जमीन देणार नाही. एक म्हातारा म्हणाला, यात्रेला तुझ्या नावाने नारळ फोडू. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिवतात, म्हणून एकाने अगदी गंभीरपणे विचारलं, "दर्भाचं गिधाड करायचं का?"

मला हसूही येत होतं आणि रागही. गिधाड काही नवस ऐकायला येत नाही. माणूस जवळ असला की ते उतरत नाही, एवढीच गोष्ट. मी लहान असताना आईने मला सांगितलं होतं, की जनावर टाकलं की आपली माणसं मागे वळूनही न बघता निघून यायची, कारण थांबलं तर गिधाडं ताटकळतात. हे या गावात फक्त आमच्या वस्तीला ठाऊक होतं, कारण बाकी कुणी तिथवर कधी आलंच नव्हतं. मी ओरडणार होते, "अहो, मागं सरा." तोंड उघडलंच होतं.

दादांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते समोर बघत होते. मला वाटलं, गावाच्या दुःखात आपण मध्ये बोलू नये म्हणून अडवतायत. मी गप्प राहिले.

पाटील अजून काहीच बोलले नव्हते. दोर त्यांच्या हातातच होता, तळवे सोलून निघाले होते. त्यांनी एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा खडकावरच्या त्या रांगेकडे. मग ते वळले आणि त्यांनी दादांकडे पाहिलं. ओणवं उभं करणाऱ्या मास्तरांकडे पोर बघतं तसं.

पाटील बैलाकडे तोंड करून बोलायला लागले. "इथनं पुढं माझ्या गोठ्यातलं जनावर मीच वढीन. वस्तीत कुनाला सांगावा धाडनार न्हाई. कवाच न्हाई. आन् इख घालनार न्हाई, गावात कुनाला घालू देनार न्हाई. झालं माझ्या हातून, ते झालं."

दादांनी माझं मनगट सोडलं.

"पाटील," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता समदी मागं सरा. त्या बांधापतूर चला."

दादांनी सांगितलं आणि अख्खं गाव मागे सरलं. दोर ओढायचा म्हणून नाही, हुकूम म्हणून नाही, एक माणूस सांगतोय म्हणून. आम्ही बांधापर्यंत पोचतोय तोच पंखांचा आवाज आला. वळून बघितलं तर गिधाडं उतरत होती. एकामागून एक, पाय पुढे टाकत, पंख अर्धे मिटून. खडक रिकामा झाला, बाभळी रिकाम्या झाल्या. बैल दिसेनासा झाला.

"शिवलं!" म्हणून बायका ओरडल्या. सगळ्या गावाने हात जोडले. पाटील खाली बसले आणि धाय मोकलून रडले. दादांनी हात जोडले नाहीत. पांढऱ्या सदऱ्यात, हात पाठीमागे बांधून ते ताठ उभे होते, आणि त्या सगळ्या गर्दीत माझ्या बापाएवढं उंच कुणी नव्हतं. हे मी आज मुलगी म्हणून फुगवून सांगत नाही, तेव्हाही मला तसंच दिसलं होतं.

त्यानंतर मला दारोदार फिरावं लागलं नाही. बैलाने मागितलेला शब्द पाटलांनी दिला आणि तेव्हाच गिधाडं उतरली, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. असा शब्द मोडायची कुणाची छाती? ज्याचं जनावर मरेल तो आधी हेच बोलायचा, की माझं मी ओढीन, विष घालणार नाही, आणि मग मागे सरायचा. म्हशीसाठीही बोलायचे, गाढवासाठीही. शेजारच्या गावांनी आमचं बघून तेच धरलं. आम्ही बायकांनी जे महिनोन्महिने चपला झिजवून समजावलं होतं ते एका दुपारी रीत होऊन बसलं. ऐंशी साल उलटलं तरी अर्जुनाच्या शेंड्यांवर घरटी होती. मी नोकरीवरून येताना बसमधून लोकांना ती झाडं दाखवायचे. पांढरी झालेली ती खोडं, वर बसलेले ते बाकदार मानेचे माझे नातेवाईक. "ही आमची," मी सांगायचे. लोकांना वाटायचं, झाडं आमची.

दादा निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोघं नदीवर बसलो होतो. समोर गिधाडं न्हात होती. इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट मी विचारली. "दादा, गिधाडं माणसांमुळं उतरत नव्हती, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग मागं सरा म्हणायला एवढा वेळ का लावलात? लोक उन्हात पोळत होते."

दादा हसले. ते फार कमी हसायचे.

"पहिल्यांदाच सांगितलं असतं तर गिधाडं लगीच उतरली असती," ते म्हणाले. "आन् पुढल्या बैलाला पुन्हा सांगावा आला असता."

"पण लोकांना वाटलं बैलाची इच्छा होती."

"बैलाची काय व्हती मला ठावं न्हाई," दादा म्हणाले. "माजी तेवडीच व्हती."